अरबस्तानच्या मातीतले तारे

१९३२ सालच्या फेब्रुवारीत सेंट जॉन फिल्बी हा इंग्रज प्रवासी उंटांचा काफिला घेऊन रुब अल-खालीच्या वाळवंटात एक हरवलेले शहर शोधत होता. राजाच्या पापांमुळे आकाशातून आग बरसली, शहर जळून गेले आणि तिथे उंटाएवढा लोखंडाचा गोळा पडून आहे, अशी कथा बेदुइन वाटाड्यांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. अखेर वाटाड्यांनी फिल्बीला त्या जागी नेले. शहराचा मागमूस नव्हता. वाळूत अर्धी बुजलेली गोल विवरे होती आणि त्यांच्या काठांवर काळी काच विखुरलेली होती. त्या काचेचे चकचकीत थेंब वाटाडे वेचू लागले. राजवाड्यातल्या स्त्रियांचे जळालेले मोतीच आहेत हे, असे त्यांना वाटले. फिल्बीला वाटले, हा ज्वालामुखी असावा. त्याने बरोबर नेलेले तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले, तेव्हा तिथले खनिजतज्ज्ञ लिओनार्ड स्पेन्सर यांनी निर्वाळा दिला की ही विवरे अशनीच्या आघाताने पडलेली आहेत.

वाबर या नावाने ही जागा आज ओळखली जाते. तिथल्या सर्वांत मोठ्या विवराचा व्यास ११६ मीटर आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार १.८ किलोमीटर रुंद, त्यामुळे वाबर त्याच्यापुढे लहानच. पण लोणार कठीण बेसॉल्टमध्ये कोरले गेले आणि वाबर मऊ वाळूत. ही वाळू सतत सरकत असते. फिल्बीने पाहिलेली विवरे पुढच्या प्रवाशांना अधिकाधिक भरलेली दिसत गेली. लोखंड मात्र टिकले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अराम्को या तेल कंपनीच्या माणसांनी तिथला सुमारे २,२०० किलो वजनाचा गोळा बाहेर काढून आणला. रियाधच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो लोकांना पाहायला मिळतो.

या धातूत शंभरात बाण्णवच्या आसपास भाग लोह आणि सातच्या आसपास निकेल आहे. अशा अशनीचा काप घासून गुळगुळीत केला आणि त्यावर सौम्य आम्ल फिरवले, की एकमेकींना तिरकस छेदणाऱ्या चंदेरी पट्ट्यांची जाळी उमटते. कुठल्याही पोलाद कारखान्यात ही जाळी तयार करता येत नाही. तिच्यासाठी धातू लाखो वर्षे, अगदी सावकाश, थंड होत जावा लागतो. आणि विवराकाठची काळी काच? ती म्हणजे तिथलीच वाळू. आघाताच्या उष्णतेने वितळलेली, तिच्यात अशनीचे लोखंड मिसळलेले. सूक्ष्मदर्शकाखाली या काचेत लोह-निकेलचे बारीक गोल कण दिसतात.

श्रोतेहो, आजचे हे व्याख्यान डॉ. जयंत नारळीकर यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. आकाशाचे विज्ञान मराठीतून सांगता येते आणि ते काटेकोरपणे सांगता येते, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवले. सौदी अरेबियात कामाला असलेली मराठी माणसे ज्या पदार्थांच्या सान्निध्यात दिवस काढतात ते पदार्थ म्हणजे वाळू, तेल, लोखंड आणि सोने. या चारही पदार्थांतली मूलद्रव्ये पृथ्वीवर तयार झालेली नाहीत. हायड्रोजन सोडला तर ती ताऱ्यांत घडली, आणि प्रत्येकाचा कारखाना वेगळा आहे. सूर्यासारखा मध्यम तारा जे घडवतो ते वाळूतल्या ऑक्सिजनपेक्षा वेगळे. ऑक्सिजन देणारा तारा सोने देतोच असे नाही. ताऱ्याचे वजन किती आणि त्याचा शेवट कसा, यावर सारे ठरते.

आरंभ हायड्रोजनपासून करायला हवा, कारण तो ताऱ्यांच्याही आधीचा आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. महाविस्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि अत्यल्प लिथियम एवढेच तयार झाले. मग विश्व इतके विरळ आणि थंड झाले की अणुकेंद्रे जुळण्याचे काम थांबले. कार्बन, ऑक्सिजन, लोह यांचा तेव्हा पत्ता नव्हता. आज नळाच्या पाण्यात जो हायड्रोजन असतो, तो त्या पहिल्या मिनिटांतलाच.

तारे कशाचे बनलेले आहेत, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी ताऱ्याचे तापमान आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा यांचे नाते सांगणारे समीकरण मांडले. त्याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मधल्या प्रबंधात दाखवले की तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत. तारे पृथ्वीसारख्याच द्रव्याचे असतात, अशी तेव्हाच्या ज्येष्ठांची ठाम समजूत होती. त्यांच्या दबावामुळे पेनबाईंना स्वतःचाच निष्कर्ष प्रबंधात संशयास्पद म्हणून नोंदवावा लागला. चारच वर्षांनी तो खरा ठरला.

हा हायड्रोजन जिथे साठतो, त्या वसाहती म्हणजे दीर्घिका. आपली आकाशगंगा ही त्यांतली एक. तिचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षे, तिच्यात किमान दहा हजार कोटी तारे, आणि सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर. शेजारच्या देवयानी दीर्घिकेची जुनी नोंद अब्द अल-रहमान अल-सूफी यांच्या अरबी ग्रंथात आहे. इस्फहानच्या या ज्योतिर्विदाने इसवी सन ९६४ च्या सुमारास तिला छोटा ढग म्हटले. तो ढग म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२३ मध्ये तिच्यातला एक स्पंदन पावणारा तारा ओळखला तेव्हा स्पष्ट झाले.

दीर्घिकेतल्या वायूचे थंड ढग स्वतःच्या वजनाने आकसतात आणि तारे जन्मतात. मृग नक्षत्रातला तेजोमेघ हे अशा प्रसूतिगृहाचे नुसत्या डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. ढगाचा गाभा आकसत आकसत एक कोटी अंशांच्या आसपास तापला की हायड्रोजनची अणुकेंद्रे जुळून हेलियम होऊ लागतो. सूर्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. त्यातले चाळीस लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जाते. ४.६ अब्ज वर्षे हे चालले आहे आणि आणखी सुमारे पाच अब्ज वर्षे चालेल.

आता तेलाकडे वळू. मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीला सुमारे दीड किलोमीटर खोलीवर भरपूर तेल लागले आणि सौदी अरेबियाचे नशीब पालटले. ज्युरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष तळाच्या गाळात साठले, दबले, तापले, आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचे तेल झाले. सुमारे २८० किलोमीटर लांबीचे घावर तेलक्षेत्र हा त्याच समुद्राचा वारसा. तेलात मुख्यतः दोनच मूलद्रव्ये असतात, हायड्रोजन आणि कार्बन. हायड्रोजन महाविस्फोटातला. मग कार्बन कुठला?

हा प्रश्न फार अवघड होता. हेलियमची दोन अणुकेंद्रे जुळली की बेरिलियम-८ होते आणि ते क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशात पुन्हा फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन धडकले तर कार्बन होईल, पण तशी शक्यता नगण्य. गणिताप्रमाणे विश्वात कार्बन जवळजवळ नसायलाच हवा होता. केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांनी प्रश्न उलटा धरला. कार्बन तर आहे. तेव्हा त्याच्या अणुकेंद्राला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असली पाहिजे, जिच्यामुळे हे तिहेरी मीलन सुलभ होते. १९५३ मध्ये ते कॅलिफोर्नियात विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि ही पातळी शोधून पाहा म्हणून आग्रह धरला. फाउलर यांना आधी विश्वास वाटेना. त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला, आणि ती पातळी सापडली.

सूर्यासारख्या ताऱ्यात हे काम उतारवयात होते. पोटातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, बाहेरचे थर फुगतात आणि तारा तांबडा, राक्षसी होतो. गाभ्याचे तापमान दहा कोटी अंशांपर्यंत चढले की हेलियमचा कार्बन होऊ लागतो. रोहिणी हा अशाच फुगलेल्या ताऱ्यांपैकी एक, जरी त्याचा पुढचा प्रवास अजून बाकी आहे. अशा ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून वारे वाहतात. खालून वर ढवळून आलेला कार्बन त्या वाऱ्यांबरोबर काजळीसारख्या कणांच्या रूपात अवकाशात पसरतो. गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलमधला कार्बन कधीतरी असाच एखाद्या ताऱ्याच्या अंगावरून उडालेला आहे.

हॉइल यांच्या याच केंब्रिजमध्ये कोल्हापुरात जन्मलेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी १९५७ साली दाखल झाला आणि पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाला. ते जयंत नारळीकर. त्याच वर्षी मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल या चौघांचा प्रदीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. कोणते मूलद्रव्य ताऱ्यांत कोणत्या वाटेने घडते, याचा तो पहिला सविस्तर नकाशा. हॉइल यांना महाविस्फोट मान्य नव्हता, म्हणूनच सगळी मूलद्रव्ये ताऱ्यांतच घडवून दाखवण्याची त्यांची जिद्द. विश्वोत्पत्तीबद्दलचे त्यांचे मत बहुसंख्यांनी स्वीकारले नाही. पण हलकी मूलद्रव्ये वगळता त्यांनी आखलेला नकाशा खरा ठरला. नारळीकरांनी गुरूंबरोबर पर्यायी विश्वचित्रावर दशकानुदशके काम केले, मायदेशी परतले, १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि मराठी मुलांसमोर हेच विषय सोप्या भाषेत मांडत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कार्बन घडवून झाल्यावर सूर्यासारख्या ताऱ्याचे काय होते? बाहेरचे थर विरून जातात आणि पृथ्वीएवढा, तप्त, अतिघन गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. व्याधाचा जोडीदार तारा तसाच आहे. अशा बटूचे वजन किती असू शकते, या प्रश्नाचे उत्तर एका सागरी प्रवासात सुचले. ३१ जुलै १९३० रोजी 'पिल्स्ना' ही बोट मुंबईहून युरोपकडे निघाली. बोटीवर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. अरबी समुद्र ओलांडून, अरबस्तानाचा किनारा उजव्या हाताला ठेवत बोट तांबड्या समुद्रातून सुएझकडे सरकत होती. त्या दिवसांत त्यांनी श्वेत बटूच्या गणितात सापेक्षतेचा सिद्धांत घालून पाहिला, आणि वजनाला कमाल मर्यादा येते असे त्यांना आढळले. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरली जाते. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी हा निष्कर्ष जाहीरपणे झिडकारला. १९८३ मध्ये मात्र चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले, आणि त्या वर्षी भौतिकशास्त्राच्या पारितोषिकात त्यांचे सहभागी होते विल्यम फाउलर. हॉइल यांचे नाव त्यात नव्हते, याची खंत अनेक खगोलशास्त्रज्ञांना आजही आहे.

मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या गाभ्यांचे काय होते, ते समजून घेतल्याशिवाय वाळूची गोष्ट सांगता येत नाही. रुब अल-खाली सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. जगातला हा सर्वांत मोठा सलग वाळूचा प्रदेश. त्याच्या कणांत मुख्य खनिज क्वार्ट्झ, म्हणजे एका सिलिकॉनला दोन ऑक्सिजन. ऑक्सिजनचा मोठा वाटा आणि सिलिकॉनचाही बराचसा भाग सूर्यापेक्षा आठ-दहा पटींहून जड ताऱ्यांकडून येतो.

जड तारे अल्पायुषी असतात. सूर्याच्या पंचवीसपट वजनाच्या ताऱ्याचा हायड्रोजन सुमारे सत्तर लाख वर्षांत संपतो. हेलियम काही लाख वर्षे पुरतो. कार्बन जळायला सुमारे सहाशे वर्षे, निऑनला वर्षभर, ऑक्सिजनला सहा महिने आणि सिलिकॉनला एक दिवस. प्रत्येक टप्प्याला गाभा आधीपेक्षा जास्त तापतो आणि ताऱ्याच्या पोटात एकाआत एक थर बसत जातात. बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि अगदी आत लोह.

लोहापाशी हिशेब बदलतो. तिथपर्यंत प्रत्येक मीलनातून ऊर्जा सुटत होती. लोहाची अणुकेंद्रे जुळवायला उलट ऊर्जा खर्च करावी लागते. गाभ्याची भट्टी विझते. वजन चंद्रशेखर मर्यादेपर्यंत पोहोचताच हजारो किलोमीटरचा तो गोळा सेकंदभराच्या आत कोसळून काही डझन किलोमीटरचा होतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात आणि न्यूट्रिनो नावाच्या कणांचा प्रचंड लोंढा सुटतो. त्यातला अल्पसा अंश वरच्या थरांत अडकतो, आणि तेवढाच तारा फोडायला पुरतो. हा अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा. ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांचे थर अवकाशात उधळले जातात.

हे सारे कागदावरचे गणित राहिले असते. पण १९८७ च्या फेब्रुवारीत मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूर, एक तारा फुटला. त्याचा प्रकाश दिसण्याआधी काही तास जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या जमिनीखालच्या यंत्रांनी मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो टिपले. इतक्या थोड्या कणांनी गाभा कोसळण्याचे गणित बरोबर असल्याचे दाखवून दिले.

लोखंडाची गोष्ट इथे संपत नाही. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यातले बहुतेक लोह मागे उरणाऱ्या न्यूट्रॉनांच्या गोळ्यात, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यात, गडप होते. बाहेर पडते ते स्फोटाच्या धक्क्याने नव्याने घडलेले, आणि तेही तुलनेने थोडे. विश्वातल्या लोहाचा फार मोठा वाटा दुसऱ्याच प्रकारच्या स्फोटातून आला आहे. दोन ताऱ्यांच्या जोडीतला एक श्वेत बटू असतो. तो शेजाऱ्याचा वायू ओढत राहतो, किंवा दोन्ही बटू असले तर एकमेकांवर आदळतात. कार्बन आणि ऑक्सिजनचा तो गोळा एका झटक्यात पेटतो आणि समूळ उद्ध्वस्त होतो. मागे काही उरत नाही.

असा एक स्फोट अरबस्तानाने पाहिलेला आहे. इसवी सन १००६, हिजरी ३९६. दक्षिण आकाशात वृक तारकासमूहाच्या जागी एक नवा तारा झळकला. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये अली इब्न रिदवान यांनी तरुणपणी तो पाहिला आणि पुढे लिहून ठेवले की तो शुक्राहून कितीतरी मोठा दिसे आणि त्याचा उजेड चंद्राच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. चीन आणि जपानमध्येही नोंदी झाल्या. अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला, येमेनच्या बखरींत, या ताऱ्याची नोंद रजब महिन्याच्या मध्याची, म्हणजे एप्रिलच्या मध्यासुमाराची आहे. संशोधकांनी ती २०१५ मध्ये पुढे आणली. इतर देशांतल्या नोंदींपेक्षा ती सुमारे दीड आठवडा आधीची असल्याने स्फोटाचा चढता काळ अभ्यासायला तिचा उपयोग होतो. लिखित इतिहासातला हा सर्वांत तेजस्वी तारा होता.

तो इतके दिवस कशामुळे चमकत राहिला, ते पाहण्यासारखे आहे. अशा स्फोटात निकेल-५६ हे किरणोत्सारी द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार होते, साधारणपणे सूर्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक. सहा दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे कोबाल्ट-५६ होते आणि ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टचे लोह-५६. या रूपांतरातून निघणारी ऊर्जाच त्या ताऱ्याला उजळत ठेवते. येमेनमधल्या सना शहरातल्या गच्च्यांवरून लोक जो उजेड पाहत होते, तो लोखंड जन्मत असल्याचा उजेड होता.

वाबरचे लोखंड अर्थातच त्याहून कितीतरी जुने. सूर्यमाला ४.५७ अब्ज वर्षांपूर्वी ज्या ढगातून घडली, त्यात आधीच्या असंख्य स्फोटांचे लोह मिसळलेले होते. त्याच ढगात ॲल्युमिनियम-२६ हेही होते. त्याचे अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षे, त्यामुळे ते जवळपासच्या जड ताऱ्यांकडून नुकतेच आलेले असणार. त्याच्या उष्णतेने लहान लहान लघुग्रहसुद्धा आतून वितळले. जड लोह आणि निकेल तळाशी गेले, गाभा झाला, आणि वरच्या खडकाच्या पांघरुणाखाली तो सावकाश निवत गेला. तीच ती पट्ट्यांची जाळी. पुढे टकरींत लघुग्रह फुटला, गाभ्याचा एक तुकडा भटकत राहिला आणि काही शतकांपूर्वी रुब अल-खालीत आदळला. भूशास्त्रज्ञ जेफ विन आणि यूजीन शूमेकर यांनी १९९४-९५ मध्ये वाबरला जाऊन मोजमापे घेतली. वाळूच्या तपासणीवरून या आघाताचे वय तीनशे वर्षांच्या आसपास निघाले आहे.

सोन्याचा प्रश्न सर्वांत अलीकडे, आणि अर्धाच, सुटला. मक्का आणि मदिना यांच्या दरम्यानच्या डोंगराळ भागात महद अल-धहब ही पुरातन सोन्याची खाण आहे. प्राचीन काळी तिथे खोदकाम होत असे, अब्बासी खलिफांच्या काळातही झाले, १९३९ ते १९५४ दरम्यान आधुनिक यंत्रांनी झाले आणि १९८८ पासून ते पुन्हा चालू झाले. तिथे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये सोने आहे. जमिनीखालच्या उष्ण पाण्याने ते विरघळवून फटींत आणून ठेवले. पण मुळात सोने घडण्यासाठी अणुकेंद्रावर न्यूट्रॉनचा असा भडिमार व्हावा लागतो की एक पचण्याआधी दुसरा येऊन बसेल. ताऱ्याच्या नेहमीच्या भट्टीत एवढे न्यूट्रॉन मिळत नाहीत.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी टिपल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा एक झोत आला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले होते. काही तासांत जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. निळसर उजेड दोन-तीन दिवसांत लालसर होत गेला, आणि जड मूलद्रव्ये ताजी घडत असल्याची ती खूण होती. पुढे त्याच वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखले गेले. कित्येक पृथ्वींच्या वजनाएवढे सोने त्या एका टकरीत घडले असावे, असा अंदाज निघाला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनेही या टकरीच्या मागे उरलेल्या रेडिओ उजेडाचा माग काढला.

याच दुर्बिणीने दीर्घिकांच्या गोष्टीतही मोलाची भर घातली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण हायड्रोजनचा क्षीण रेडिओ संदेश ऐकू शकते. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी साडेसात हजारांवर दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्यात किती हायड्रोजन होता, ते मोजले. त्या ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने हा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वात तारे जन्मण्याचा वेग तेव्हापासून का मंदावला, याचे हे सरळ कारण पुढे आले. इंधन पुरेसे येत नव्हते.

दीर्घिका नसती तर ताऱ्यांची ही सगळी राख वाया गेली असती. स्फोटातून सुटलेले द्रव्य इतक्या वेगाने पळते की एकाकी तारा ते धरून ठेवू शकत नाही. दीर्घिकेचे गुरुत्व ते अडवते, थंड करते, नव्या ढगांत मिसळते. आधीच्या दह्याचा चमचाभर भाग नव्या दुधात विरजण म्हणून जातो, तशी प्रत्येक पिढीतली जड मूलद्रव्ये पुढच्या पिढीत उतरतात. सूर्यात हायड्रोजन आणि हेलियमखेरीजची सारी मूलद्रव्ये मिळून जेमतेम दीड टक्का आहेत. सगळे खडक, आणि हाडांत-रक्तात हायड्रोजनखेरीज जे काही आहे ते सगळे, अशाच दीड टक्क्यातले.

सौदी अरेबियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सारे टप्पे आकाशात पाहता येतात, आणि मुलांना दाखवता येतात. २०२४ मध्ये अल-उलाजवळचे मनारा आणि अल-घरामील हे भाग आंतरराष्ट्रीय मान्यतेचे अंधाऱ्या आकाशाचे प्रदेश ठरले. हिवाळ्यातल्या अमावास्येच्या आसपास तिथे मृगातला तेजोमेघ दुर्बिणीविना ओळखता येतो. त्याच्याजवळ काक्षी, फुगलेला तांबडा महाराक्षसी तारा. २०१९ च्या अखेरीस तो अचानक मंदावला होता. त्यानेच उधळलेल्या धुळीच्या ढगाने त्याचा उजेड अडवला होता. कधीतरी येत्या लाखभर वर्षांत तो फुटेल.

दक्षिणेला खाली अगस्त्य. अरब लोक त्याला सुहैल म्हणतात. २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे तो दिसू लागला की उन्हाळा ओसरायला लागला असे आखाती देशांत मानतात. आपल्याकडे अगस्त्याच्या उदयाने पावसाचे गढूळ पाणी निवळते असे जुने लोक सांगत. सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा सूर्याच्या आठ ते दहापट वजनाचा आहे, म्हणजे बरोबर सीमारेषेवरचा. त्याचा शेवट श्वेत बटूत होईल की स्फोटात, हे त्या थोड्याशा वजनावर अवलंबून आहे. रियाधहून तो क्षितिजापासून जेमतेम बारा-तेरा अंशच वर चढतो, त्यामुळे दक्षिणेची बाजू मोकळी असलेली जागा निवडावी.

आणि सोन्याचे जे अर्धे उत्तर बाकी आहे, त्यासाठी हिंगोली जिल्ह्यात तयारी चालू आहे. औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहर नेमकी आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे सध्या अनेकदा मोठ्या पट्ट्यात सांगावे लागते. एकमेकींपासून दूरच्या वेधशाळा वाढल्या की तो पट्टा आकसेल, दुर्बिणी लवकर त्या जागी वळतील, आणि टकरीनंतरचे पहिले तास पाहता येतील. अशा पुरेशा टकरी मोजल्या गेल्या, की महद अल-धहबच्या शिरांमधले किती सोने न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून आले आणि किती दुर्मीळ प्रकारच्या स्फोटांतून, याचा हिशेब मांडता येईल. त्या वेधशाळेच्या नियंत्रण कक्षात बसण्याच्या वयाची मुले आज रियाध, जुबैल आणि दम्मामच्या भारतीय शाळांत विज्ञान शिकत आहेत.